एक रेघ, आणि बाजूला सही

मार्च लागला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना आता त्याची सवय झाली आहे. शिमगा आटोपला की सून माझ्या चहात साखर जरा जास्तच घालते आणि नातू अभ्यासाची पुस्तकं घेऊन शेजारी जातो. लोकांना या दिवसांत पळस दिसतो, मोहर दिसतो, कुंडलिका नदीच्या पलीकडे उतरणारं पिवळं ऊन दिसतं. मलाही दिसतं सगळं, माझे डोळे काही फुटलेले नाहीत. पण जिनं उभा जन्म दुसऱ्यांच्या वह्या लिहिण्यात काढला, तिच्यासाठी हा महिना म्हणजे शाईचा वास, पंख्याखाली फडफडणारी पानं आणि ती उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेली लोखंडी वजनं. त्या सगळ्या मार्चांमधला एकच मार्च मला आठवतो, आणि आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदा तर निमित्त आयतं चालून आलं. गेल्या आठवड्यात फोनवर एक पोस्टर आलं. लेखापाल आणि हिशेबनिसांचं अधिवेशन, पेणला. वर उगवता सूर्य. हिशेबाचा आणि उगवत्या सूर्याचा काय संबंध, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. मधोमध ठळक अक्षरांत एक वाक्य: ‘चुकीला लाजू नका. खरवडलीत तर कागद पातळ होतो.’ त्याखाली एका मोठ्या गृहस्थांचं नाव, नावापुढे पदव्यांची माळ. ते नाव मी इथे लिहिणार नाही, त्यांचं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आहे. आणि तळाला बारीक अक्षरांत ज्येष्ठ हिशेबनिसांचा सत्कार, त्यात माझं नाव. म्हणजे त्या वाक्याखाली मला खुर्चीत बसवणार, अंगावर शाल घालणार आणि मी हात जोडून हसायचं. वा रे वा!

ते वाक्य नानांचं आहे.

नाना म्हणजे रोह्याच्या भात गिरणीतले आमचे जुने हिशेबनीस. मी कॉमर्सची पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा ते साठीकडे झुकलेले होते. रोज सकाळी खांब गावाहून एसटीनं यायचे. गुडघ्यापर्यंत धोतर, वर पांढरा सदरा, खिशात दोन पेनं आणि एक लाल पेन्सिल. शिक्षण सातवी. गिरणीचं ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली, शेजारी गिरणीचा पट्टा दिवसभर धडधडायचा, आणि दुपारपर्यंत टेबलावर, वह्यांवर, आमच्या भुवयांवर तुसाची बारीक पिवळी धूळ बसायची. घरी गेल्यावर केस धुतले तर पाणी कोंड्यासारखं गढूळ निघायचं. आज कुठे कोंडा दळल्याचा वास आला, तरी माझी बोटं आपोआप साडीला पुसली जातात.

त्या काळी हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे अर्धं ब्लेड असायचं. दाढीचं ब्लेड मधोमध मोडायचं, एका बाजूला चिकटपट्टी लावायची आणि चुकलेला आकडा शाईसकट हलक्या हातानं खरवडून काढायचा. मग नखानं कागद घासून गुळगुळीत करायचा आणि नवा आकडा लिहायचा. हात चांगला असला तर कुणाला पत्ता लागत नसे. माझा हात चांगला होता. कॉलेजात त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं.

पहिल्याच आठवड्यात साठ्याच्या वहीत मी पोत्यांचा आकडा चुकवला आणि ब्लेड काढलं. नानांनी हात पुढे केला. मला वाटलं, त्यांना नख कापायचंय. दिलं. त्यांनी ते कागदात गुंडाळून खिडकीबाहेर टाकलं.

‘‘चुकीला लाजू नको गो,’’ म्हणाले. ‘‘खरवडलीस का कागद पातळ होतो. आन पातळ कागदावर कायबी बसतं. एक रेघ मार. खालचा आकडा दिसला पायजे. वर बरोबर लिव. बाजूला सही कर.’’

मी सही केली. पुढे एकदा त्यांच्याच हातून चुकलेला आकडा मी शहाणपणानं दुरुस्त केला आणि बाजूला माझी सही ठोकली, तर केवढे भडकले!

‘‘तुजी सही कशाला? चूक माजी हाय. ज्याची चूक त्याची सही. त्याला बोलवायचा, उभा करायचा, सही घ्यायची. नायतर उद्या कळायचा कसा, कोण चुकलावता?’’

एवढी दोन वाक्यं. मोठं पुस्तक नाही, शास्त्र नाही. पण त्या गिरणीच्या वह्या तुम्ही आजही उघडल्यात तर पानोपानी रेघा दिसतील आणि रेघांशेजारी सह्या. तपासायला येणारे लोक आधी नाक मुरडायचे. किती ही खाडाखोड! मग दोन दिवसांनी तेच म्हणायचे की असं काम जिल्ह्यात नाही.

तपासायला यायचे त्यांच्यासोबत सी.ए. शिकणारी मुलंही असायची. त्यातला एक लागोपाठ तीन मार्च आला होता, माझ्या कितीतरी वर्षं आधी. मुंबईचा, हुशार, जेवणाचे हाल व्हायचे म्हणून नाना त्याला खांबला घरी घेऊन जायचे. नानांच्या बायकोच्या हातचं वालाचं बिरडं त्याला इतकं आवडायचं, की तिसऱ्या ताटाला तो वाडग्यातला रस्सा नुसता प्यायचा. हे नाना आम्हाला दर मार्चला सांगायचे. ‘‘लय भुकेचा पोरगा,’’ म्हणायचे आणि हसायचे. त्याचंही ब्लेड त्यांनी त्याच खिडकीतून टाकलं होतं.

तर तो पोरगा पुढे फार मोठा झाला, आणि माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी पेणच्या अधिवेशनाला प्रमुख पाहुणा म्हणून येणार असं पत्रक आलं. मार्चमधला रविवार. आता मला सांगा, हिशेबाच्या लोकांचं अधिवेशन कुणी मार्चमध्ये ठेवतं का? लग्नघरच्या आचाऱ्याला ऐन पंगतीत व्याख्यानाला बोलवण्यासारखं ते. पण पाहुण्यांना तीच तारीख मोकळी होती. आमच्या तारखा कोण विचारतो!

नानांनी पत्रक चारदा वाचलं. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, परत काढलं. त्या आठवड्यात त्यांची बेरीज एकदा चुकली. मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहत होते.

रविवारी मी रोह्याहून एसटीत बसले आणि शेजारची जागा पिशवी ठेवून अडवली. खांबला नाना चढले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, आणि हातात कापडी पिशवी, तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं.

‘‘काय आणलंत?’’

‘‘वाल. औंदाचं, आपल्या शेतातलं. त्याला देतंय.’’ मग म्हणाले, ‘‘ओळखील ना गो?’’

‘‘न ओळखायला काय झालं? तीन मार्च जेवलाय तुमच्याकडे.’’

‘‘व्हय,’’ म्हणाले, आणि पुढे नागोठणं, वडखळ येईस्तोवर पिशवीवरचा हात त्यांनी काढला नाही.

पेणमध्ये उतरलो तर ऊन असं, की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. गल्लीगल्लीत खाटांवर पोह्याचे पापड वाळत घातलेले. गणपतीच्या कारखान्यांची दारं उघडी, आत पांढऱ्या मूर्ती ओळीनं बसलेल्या. रंग नाही, डोळे नाहीत. डोळे शेवटी काढतात. आम्ही एका दारापाशी सावलीला थांबलो, तेव्हा नाना आत बघत म्हणाले की यांचं बरं असतं, चुकलं तर माती परत मळता येते. मला तेव्हा हसू आलं होतं. आता त्या मूर्ती आठवल्या की वाटतं, त्या दिवशी त्या हॉलमध्ये आम्ही सगळे तसेच बसलो होतो. ओळीनं, आणि डोळे नसलेले.

हॉलच्या दारात टेबल. पदवीवाल्यांना, म्हणजे सी.ए. झालेल्यांना, निळा बिल्ला, हिशेबनिसांना पांढरा. निळ्यांना पुढे खुर्च्या, पांढऱ्यांना मागे बाकं. माझी पदवी त्यांच्या लेखी पदवी नव्हे, म्हणून मीही पांढरी. अख्ख्या जिल्ह्याच्या वह्या लिहिणारे मागे बाकावर आणि त्या वह्यांवर शिक्का मारणारे पुढे पंख्याखाली. मी तिथेच तोंड उघडणार होते, पण नाना बिल्ला लावून घेण्यात इतके रमले होते, की मला बोलवेना. टाचणी त्यांना स्वतःला जमेना, मी लावली. स्वागतपत्रिकेच्या मागच्या पानावर गेल्या अधिवेशनाचा जमाखर्च छापला होता. बसल्या बसल्या नानांनी लाल पेन्सिल काढून तो तपासला. बेरीज चुकलेली निघाली. ‘‘आता सही कुनाची घ्यावी?’’ म्हणाले, आणि डोळे मिचकावले. तो माणूस त्या सकाळी सुखात होता. ते सुख मला आजही डोळ्यांसमोर दिसतं, म्हणूनच राग जात नाही.

पाहुणे बोलायला उभे राहिले. आणि खोटं कशाला बोलू, काय बोलले ते! मी तोवर भाषणं ऐकली होती ती सगळी पुस्तकातली. हा माणूस म्हणाला, आपण आकडे लिहीत नाही, आपण साक्ष लिहितो. म्हणाला, गावात सगळे विसरतील, तुमची वही विसरणार नाही. मागच्या बाकांवर माणसं ताठ बसली. माझ्या पुढचा एक काळासावळा कारकून तर टोपी काढून डोळे पुसत होता. आपण काहीतरी आहोत, असं कुणी आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

मग ते म्हणाले, ‘‘हे मला कुणी शिकवलं ठाऊक आहे? तुमच्याच भागातल्या एका खेडवळ कारकुनानं. नाव आता आठवत नाही. धोतर इथपर्यंत, कपाळावर भुसा. त्यानं माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं आणि म्हणाला...’’

आणि त्यांनी नक्कल केली. मान वाकडी करून, ओठ लोंबवून, गुडघे जरा वाकवून. ‘‘चुकीला लाजू नुको रं पोरा, खरवाडलंस का कागुद पातळ व्हतुया!’’

आमच्याकडे ‘नुको’ कोण म्हणतं? ‘कागुद’ कोण म्हणतं? ‘व्हतुया’? मेल्यानं तीन मार्च त्या घरचं अन्न खाल्लं आणि त्या घरची भाषासुद्धा लक्षात ठेवली नाही! कुठल्या तरी नाटकातल्या गावंढळाचं तोंड नानांना लावलं. सगळा हॉल खदाखदा हसला. पुढचे निळे हसले, मागचे पांढरे हसले. मी तेवढी हसले नाही. मी नानांकडे पाहत होते. ते पुढे पाहत होते, तोंड जरासं उघडं, जसं कुणी तुमचं नाव पुकारता पुकारता मध्येच थांबावं.

हसू ओसरल्यावर पाहुण्यांनी आवाज खाली आणला आणि तेच वाक्य शुद्ध भाषेत सांगितलं. चुकीला लाजू नका. खरवडलीत तर कागद पातळ होतो. आता कुणी हसलं नाही. टाळ्या अशा पडल्या की खिडकीतली कबुतरं उडाली. त्या क्षणी ते वाक्य त्यांचं झालं. आमच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी.

शेवटी सूत्रसंचालकानं विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? मी उठले. खरंच उठले. सांगणार होते की अहो, तो खेडवळ कारकून इथे बसलाय, नाव नारायण धर्मा भोईर, राहणार खांब, आणि त्याच्या मांडीवर तुमच्यासाठी वाल आहेत. पण नानांनी माझं मनगट धरलं.

‘‘बस गो.’’

‘‘नाना, पण...’’

‘‘बस म्हनतंय ना. लोकांत तमाशा नको.’’

मी बसले. वीसेक पावलंच होती हो स्टेजपर्यंत! जेवणं झाली, पापड वाढले, पाहुण्यांभोवती गराडा पडला, फोटो निघाले. नाना गेले नाहीत. पिशवी तशीच सुतळी बांधलेली.

परतीच्या एसटीत मी फणफणत होते. पाहुण्याला शिव्या, आयोजकांना शिव्या, पांढऱ्या बिल्ल्याला शिव्या. नाना खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘‘वाक्य बरोबर सांगितलान ना? एक अक्षर इकडचं तिकडं नाय. मग झालं तर.’’ खांबला उतरताना त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. ‘‘तू शिजव. तुज्या हातानं शिजव.’’

मी ते वाल दुसऱ्या दिवशी भिजत घातले. मोड आले, एकेक दाणा सोलला, बिरडं केलं. चांगलं झालं होतं म्हणे. माझ्या घशाखाली उतरलं नाही.

आणि खरा संताप कशाचा येतो, सांगू? भाषण वाईट असतं तर बरं झालं असतं. त्याच महिन्याच्या अखेरीला गिरणीच्या मालकांनी मला बोलावून सांगितलं की साठ्याच्या वहीतला पोत्यांचा आकडा जरा बदल, तुझा हात चांगला आहे. चौथ्या वर्षाची नोकर मी, घरी आईचं औषधपाणी. आणि मी म्हटलं, ‘‘शेठ, खरवडणार नाही. मी रेघ मारते, सही तुम्ही करा.’’ आवाज ताठ होता. शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. ते धैर्य मला कुठून आलं? आपण साक्ष लिहितो, या वाक्यातून आलं. नानांनी मला रीत दिली, पण मान वर करायला त्या माणसानं शिकवलं. ज्याचा राग करायचा त्याचेच उपकार घेऊन जगायचं, याच्यासारखी चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही.

नाना पुढे तीन मार्च कामावर आले आणि मग आलेच नाहीत. आता ते गृहस्थही राहिले नाहीत. त्यांचं वाक्य मात्र पोस्टरवर पोस्टर चढत गेलं. मी ही हकीकत आजवर किती जणांना सांगितली असेल! प्रत्येक नव्या मुलीला, जिला मी वही धरायला शिकवली. प्रत्येक वेळी तितक्याच तावातावानं.

काल मी सत्काराच्या तासभर आधीच पेणला पोचले. हॉलच्या दारात ते वाक्य माणसाच्या उंचीच्या फ्लेक्सवर. आयोजकांतली प्राजक्ता नावाची गोड पोरगी धावत आली, ‘‘या ना मॅडम, लवकर आलात!’’ मी तिला आधीच फोन केला होता की ते नाव चुकीचं आहे, बदल. ती बिचारी पुन्हा सांगायला लागली की फ्लेक्स छापून झालाय, आता बदलता येणार नाही.

‘‘बदलू नकोस,’’ म्हटलं. ‘‘मार्कर आहे का? लाल?’’

तिनं आणून दिला. मी पदर खोचला, प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले आणि त्या मोठ्या नावावरून एक रेघ मारली. एकच. खालचं नाव स्पष्ट दिसत राहिलं पाहिजे अशी. वर लिहिलं, नारायण धर्मा भोईर, खांब. आणि बाजूला सहीसाठी हात नेला.

तिथे हात थांबला. ज्याची चूक त्याची सही. ती सही त्यांची हवी होती. त्यांना बोलवायला हवं होतं, उभं करायला हवं होतं. मी कोण सही करणारी? खुर्चीवर तशीच उभी राहिले. खाली पोरंसोरं बघायला लागली. आणि मला त्या पिशवीतला आवाज ऐकू आला.

वर मी लिहिलंय, ‘मी तेवढी हसले नाही’. ते वाक्य खरं नाही. पुसत नाही, राहू दे तिथेच, वरून रेघ मारली आहे असं समजा. बरोबर नोंद अशी: मी हसले. पाहुण्यांनी मान वाकडी केली, तेव्हा मला खरंच मजा वाटली. नाना लाल पेन्सिल शोधताना अशीच मान करायचे, नक्कल तेवढी अचूक होती. मी पदर तोंडात कोंबून हसले, इतकी की आमचं बाक हललं आणि नानांच्या मांडीवरच्या पिशवीत वाल खुळखुळले. त्या आवाजानं नानांनी वळून पाहिलं. पाहुण्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग पुढे बघायला लागले. नंतर मी उठले ती त्या नजरेमुळे उठले, आणि बस म्हटल्याबरोबर बसले. इतक्या जणींना ही गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक वेळी एवढी एक ओळ सफाईनं खरवडून सांगितली. हात चांगला ना माझा!

मी सही केली. पूर्ण, तारखेसकट.

प्राजक्तानं हात देऊन मला खाली उतरवलं. फ्लेक्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘‘मॅडम, चूक तर त्यांची होती ना? मग सही तुमची का?’’

‘‘दोघांची होती गो,’’ म्हटलं. ‘‘ते आता सहीला यायचे नाहीत. मी आलेय.’’